पहिली धार, शेवटची धार : सातपुड्यातील मोहाच्या दारूची चव

मोहाची वाळलेली फुले पाण्यात भिजवून आंबवायची, ते आंबवण भट्टीवर चढवायचे आणि निघणारी वाफ थंड करून थेंबाथेंबाने उतरवून घ्यायची, एवढ्या कृतीतून मोहाची दारू तयार होते. नंदुरबार जिल्ह्यात ती मुख्यतः उत्तरेच्या सातपुड्यात गाळली जाते. अक्कलकुवा, अक्राणी म्हणजे धडगाव, तळोदा आणि शहाद्याचा डोंगराळ भाग इथल्या भिल्ल व पावरा वस्त्यांत, तसेच दक्षिणेला नवापुराकडच्या मावची-गावीत पाड्यांत ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीची आहे. दिसायला पाण्यासारखी नितळ, वासाला फुलांची आणि थोडी धुरकट, आणि चवीला भट्टी लावणाऱ्याच्या हातावर अवलंबून. तिच्याबद्दल जे लिहिले गेले ते बहुतेक अबकारी खात्याच्या कागदांत, पोलिसांच्या पंचनाम्यांत आणि दारूबंदीच्या पत्रकांत. तिथे लिटर मोजले जातात, भट्ट्या मोजल्या जातात. ती जिभेला कशी लागते हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. पिणाऱ्यांतही ‘कडक’ या एका शब्दावर परीक्षा संपते. वास्तविक कडकपणा हा या दारूचा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी सांगणारा गुण आहे.

मद्य चाखण्याची एक रीत आता महाराष्ट्रात रुळली आहे. नाशिकच्या द्राक्षमळ्यांनी तिची सुरुवात केली आणि पुण्यात 2009 साली डूलाली या ब्रुअरीने छोट्या प्रमाणावर बिअर बनवून विकायला घेतल्यावर ती बिअरपर्यंत पोचली. लाकडी फळीवर चार-पाच लहान ग्लास येतात, पिणारा आधी रंग पाहतो, मग वास घेतो, मग घोट. अशा चाखणाऱ्या मंडळींत काळ्या, जोरदार हॉप्सच्या बिअरला विशेष मान आहे. तिचा काळा रंग करपवण्याच्या बेताला भाजलेल्या माल्टचा असतो आणि कडवटपणा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलोऱ्यांचा. हॉप्समधली आम्ले उकळताना रूप बदलतात आणि त्यातून तो कडवटपणा उतरतो. उकळ संपत आल्यावर किंवा थंड बिअरमध्ये टाकलेल्या हॉप्समधून लिंबाच्या सालीचा, राळेचा वास येतो. भारतात अशी बिअर कितीही जोरदार म्हटली तरी अन्नसुरक्षा मानकांनुसार तिच्यातले मद्यार्क आठ टक्क्यांच्या वर जात नाही. तिच्यात धान्य, हॉप्स, यीस्ट आणि पाणी यांचे प्रमाण कारागीर ठरवतो, आणि चव म्हणजे त्या निवडीचा हिशेब असतो.

मोहाच्या दारूत निवडीला जागा फार थोडी. रंग नाही, बाहेरून घातलेला कडवटपणा नाही, फेस नाही. फूल एक, पाणी एक. त्यामुळे चव कळायला फुलापासूनच निघावे लागते.

मोह हा चिकू आणि बकुळ यांच्याच कुळातला वृक्ष. माघ-फाल्गुनात पाने गळतात आणि मार्च-एप्रिलमध्ये फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लटकतात. या फुलाची गंमत त्याच्या पाकळ्यांत आहे. पाकळ्या सुट्या नसून एकत्र जुळून एक मांसल, फिकट पिवळसर, पोकळ मणी तयार होतो, आणि रसाने भरला की तो रात्री उशिरा ते पहाटेच्या दरम्यान आपोआप गळून पडतो. उजाडायच्या आत बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. उशीर झाला तर गुरे, रानडुकरे, जंगलात अस्वल वाटेकरी होतात, आणि ऊन चढले की पडलेले फूल मातीवरच आंबायला लागते. फुले स्वच्छ मिळावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी लोटून काढतात, काही ठिकाणी जाळतातही. जाळलेल्या जागेवरचे फूल राख घेऊन येते आणि ती राख पुढे चवीतही डोकावते.

ताज्या फुलाच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पाणी असते. सारवलेल्या अंगणात किंवा खडकावर पसरून तीन-चार दिवस उन्हात ठेवले की ते आक्रसते, तांबूस-तपकिरी होते आणि मनुकेसारखे चिवट लागते. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक वजन साखरेचे असते. अन्न म्हणूनही त्याचा मोठा आधार. उकडून, भाजून, पिठात मिसळून ते खाल्ले जाते, आणि दुष्काळात डोंगरातल्या माणसाने त्यावर दिवस काढलेले आहेत. दारू हा फुलाच्या अनेक उपयोगांतला एक उपयोग आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

वाळवण्यातच चवीचे अर्धे भवितव्य ठरते. एकेरी थरात, खणखणीत उन्हात वाळलेले फूल हातात घेतले तर एकमेकांना चिकटत नाही, मुठीत दाबून सोडले की सुटे होते, आणि त्याला खजूर-मनुकेचा गोड वास येतो. जाड थरात रचलेले, मधल्या अवकाळी पावसाच्या सरीत भिजलेले फूल काळे पडते, गोळा होते, त्यावर बुरशी धरते. अशा फुलाची दारूही उतरते, पण तिच्यातला कोंदट वास कोणत्याही कौशल्याने जात नाही. दुसरी बाब फुलाच्या पोटातल्या केसरांची. ते पाकळ्यांना आतून चिकटलेले असतात. वाळल्यावर फुले चोळून-झोडून केसर झाडले तर चव साफ राहते. तसेच ठेवले तर तुरट, गवताळ छटा येते. खाण्यासाठी ठेवलेल्या फुलाचे केसर बहुतेक घरांत निघतात, भट्टीच्या फुलाच्या वाट्याला ही मेहनत क्वचित येते.

साठवलेले फूल कोरड्या जागी वर्षभर टिकते, आणि यातून एक गोष्ट घडते जी बाहेरच्या पाहुण्याच्या लक्षात येत नाही. होळीला फुले नुकती पडू लागलेली असतात. म्हणून होळीत जी दारू प्यायली जाते ती बहुतेक मागच्या साली वेचलेल्या फुलाची. नव्या फुलाची दारू त्यानंतर, लग्नसराईत येते. जुन्या फुलाचा वास दबका आणि सुकामेव्याकडे झुकणारा, नव्या फुलाचा उग्र आणि दरवळणारा. दोन्ही शेजारी ठेवून चाखली तर फरक नवख्यालाही कळतो.

आंबवणे हे नुसत्या डोळ्याने पाहायचे काम नाही. मडक्यात किंवा पिंपात फुले बुडतील इतके पाणी घालून तोंड झाकतात. फुलांवर नैसर्गिक यीस्ट असतेच. शिवाय मागच्या खेपेचे थोडे आंबवण विरजणासारखे घातले जाते, किंवा भांडे न धुता तेच वापरतात. उन्हाळ्यात चार-पाच दिवस, थंडीत आठवडा किंवा त्याहून अधिक. वर फेस धरतो, मडक्याला कान लावला तर आत सळसळ ऐकू येते. ती थांबली की साखर संपत आली असे समजावे. पंचनाम्यात ज्याला ‘कच्चे रसायन’ म्हणतात ते हेच. या टप्प्यावर एक-दोन दिवसांची दिरंगाई महागात पडते. हवेतले जिवाणू मद्यार्काचे शिरक्यात रूपांतर करू लागतात, आणि शिरक्याची धार नंतर भट्टीतून दारूबरोबर चढते. घाई केली तर उतारा कमी मिळतो आणि न आंबलेली साखर तळाला करपते.

भट्टी नेहमी ओढ्याकाठी. पोलिसांपासून लपण्यासाठी म्हणून असे समजले जाते, ते अर्धेच खरे. वाफेला थंड करायला वाहते पाणी लागते, हे त्याहून जुने कारण. चुलीवर मडके किंवा अॅल्युमिनियमचा मोठा हंडा, त्याच्या तोंडावर उपडे भांडे, सांधे चिखलाने लिंपलेले, बाजूने निघालेली बांबूची नळी आणि नळीचे दुसरे टोक पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात. शुद्ध मद्यार्क सुमारे 78 अंश सेल्सिअसला उकळते आणि पाणी 100 अंशांना, या फरकावर सगळा खेळ. पण वाफ होताना ते एकामागून एक शिस्तीत निघत नाहीत, मिसळून निघतात, फक्त प्रमाण बदलत जाते. सुरुवातीला हलके, झोंबणारे पदार्थ आणि मद्यार्क जास्त. मध्यावर मद्यार्क आणि फुलाचा सुगंध. शेवटी पाणी जास्त आणि त्याबरोबर जड, तेलकट, घामट वासाचे घटक.

यातूनच ‘पहिल्या धारेची’ हा मराठीत वाक्प्रचार झालेला शब्दप्रयोग आला. पहिली धार सर्वांत जोरकस असते हे खरे. ती सर्वांत चांगली असते हे मात्र खरे नाही. अगदी आरंभीच्या थोड्या उताऱ्यात अॅसिटाल्डिहाइड, इथिल अॅसिटेट असे पदार्थ एकवटलेले असतात. पहिल्याने कच्च्या सफरचंदाचा वास येतो, दुसऱ्याने नखांच्या रंगाच्या बाटलीचा. हा उतारा बाजूला काढणे आणि शेवटची धार वेळेवर तोडणे, या दोन निर्णयांत गाळणाऱ्याची सारी करामत असते. जाणत्या बायका (सातपुड्यात हे काम अनेकदा बायकांच्या हाती असते) थेंब तळहातावर चोळून हुंगतात. मद्यार्क उडाल्यावर मागे जो वास उरतो तो फुलाचा असेल तर धार चालू ठेवायची, ओल्या पुठ्ठ्याचा यायला लागला की भांडे बदलायचे. विकण्यासाठी गाळणाऱ्याला शेवटच्या धारेचा मोह आवरत नाही, कारण तिच्यामुळे बाटल्या वाढतात. घरच्या देवकार्याची आणि बाजाराची दारू एकाच हाताची असूनही वेगळी लागते, याचे उत्तर इथे आहे.

एकदा गाळलेल्या दारूत मद्यार्काचे प्रमाण साधारण वीस ते चाळीस टक्के इतके खालीवर असते. जोर जोखण्याच्या गावठी रीतींपैकी दोन सर्वत्र दिसतात. बाटली हलवून फुगे किती मोठे आणि किती वेळ टिकतात ते पाहणे ही एक. विस्तवावर थोडी शिंपडून भडका पाहणे ही दुसरी. दोन्हींनी जोराचा अंदाज येतो, शुद्धतेचा येत नाही. मिथेनॉल हेही पेटते, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसतच नाही. निळी ज्योत म्हणजे शुद्ध दारू, हा समज धोकादायक आहे.

चाखण्याचा क्रम आता सांगता येतो. भट्टीवरून नुकती उतरलेली कोमट दारू चाखण्याला निरुपयोगी. उष्णतेने सगळे वास एकदम उसळतात आणि नाक बधिर होते. भांड्याचे तोंड सैल झाकून एक-दोन दिवस विसावा दिला तर झोंबणाऱ्या वासांचा काही भाग उडून जातो. पात्र निमुळत्या तोंडाचे असावे. पळसाच्या पानांचा द्रोण हे परंपरेचे पात्र आहे आणि सणात तेच शोभते, पण हिरव्या पानाला स्वतःचा वास असतो, तो दारूत मिसळतो. परीक्षेसाठी काच बरी. दोन चहाचे चमचे एवढीच दारू घ्यावी. ती फिरवली की काचेवर ओघळ उतरतात. ते मद्यार्काचे प्रमाण दाखवतात, दर्जा नव्हे.

वास घेताना नाक ग्लासात खुपसू नये. थोडे दूर धरून, तोंड किंचित उघडे ठेवून श्वास घ्यावा. पहिली येते ती फुलाची कस्तुरीसारखी उग्र दरवळ. मार्चमध्ये मोहाच्या झाडाखालून गेलेल्या माणसाला ती ओळखावी लागत नाही. तिच्यामागे मनुका, खजूर, काकवी. आणि त्यामागे, चांगल्या फुलाच्या दारूत, भाताच्या वाफेसारखी एक मऊ छटा. हा भास नाही. बासमतीसारख्या सुवासिक तांदळांत जो 2-अॅसिटिल-1-पायरोलिन नावाचा घटक असतो तो मोहाच्या फुलातही सापडला आहे. धुरकटपणा सर्वांत शेवटी कळतो. तो लाकडाच्या धुराचा असू शकतो किंवा तळाला करपलेल्या फुलाचा. धुराचा असेल तर तो कोरडा आणि हलका, करपल्याचा असेल तर कडू आणि चिकट.

मग निम्मे पाणी घालावे. दारूत पाणी घालणे हा सातपुड्यात कमीपणा समजला जातो, पण चाळीस टक्क्यांवर नाकाला मद्यार्कापलीकडे फारसे काही कळत नाही. वीस टक्क्यांवर आणले की दडलेले वास वर येतात, चांगले आणि वाईट दोन्ही. शेवटची धार जास्त घेतलेली दारू पाणी घातल्यावर धूसर होते, कारण पातळ मद्यार्कात तेलकट घटक विरघळून राहत नाहीत.

घोट जिभेवर पसरू द्यावा. इथे बिअरवर तयार झालेली जीभ हमखास फसते. काळ्या, हॉप्सच्या बिअरमध्ये कडवटपणा हा केलेला, मोजलेला आणि हवासा गुण असतो. घोट गिळल्यावर तो जिभेच्या मागच्या भागावर रेंगाळावा अशीच अपेक्षा असते. भाजलेल्या माल्टचा कॉफीसारखा कडूपणा आणि हॉप्सचा कडूपणा एकमेकांवर कुरघोडी करू लागले की बिअर फसली असे जाणकार म्हणतात. मोहाच्या दारूत कडू चव जमेच्या बाजूला लिहिता येत नाही. हॉप्सचे कडू पदार्थ वाफेबरोबर चढत नाहीत, तसेच मोहाच्या फुलातले कडू-तुरट पदार्थही बहुतांशी हंड्यातच राहतात. उतरलेल्या दारूत कडवट लागले तर ते करपल्याचे, शेवटच्या धारेचे किंवा हंड्यातले आंबवण उतू जाऊन नळीत शिरल्याचे लक्षण. गोडीचेही तसेच. साखरेची वाफ होत नाही, म्हणून गाळीव दारूत फुलाची साखर एक कणही नसते. तरी चांगली मोहाची दारू गोडसर वाटते. ती गोडी मद्यार्काची स्वतःची थोडी आणि उरलेली वासाची असते. नाक दाबून घोट घेतला तर ती जवळपास नाहीशी होते, सोडले की घशामागून परत येते. हा प्रयोग एकदा करून पाहिला की चव आणि वास यांचे नाते शंभर शब्दांनी समजावे लागत नाही.

घशातली आग ही वेगळी बाब. मद्यार्क तोंडातल्या ज्या संवेदनाग्राहकाला चेतवते त्यालाच मिरचीतले कॅप्सायसिनही चेतवते. नंदुरबार हे मिरचीच्या मोठ्या बाजारांपैकी एक, आणि तिथल्या ताटात तिखटाचा हात सैल. मिरचीच्या ठेच्यानंतर घेतलेला घोट दुप्पट जहाल लागतो आणि पिणारा दारूला कडक म्हणून गौरवतो. चाखायचे असेल तर आधी भाकरीचा कोरडा तुकडा आणि साधे पाणी पुरे. शेवटी गिळल्यावर अर्ध्या मिनिटात तोंडात काय उरते ते पाहावे. फुलाची आठवण उरली तर गाळणाऱ्याने दोन्ही धारा वेळेवर तोडल्या. धातूची, साबणाची किंवा घामाची चव उरली तर नाही.

बाजारू दारूची सर्वांत सामान्य खोट म्हणजे तिच्यात मोह नावापुरता असतो. काळा गूळ मोहापेक्षा स्वस्तात आणि बारमाही मिळतो, म्हणून हंड्यात तो जास्त आणि फूल मूठभर. अशी दारू वासाला काकवीची, पहिल्या क्षणी जोरदार आणि मध्ये पोकळ लागते. आंबवणाला जोर यावा म्हणून नवसागर टाकण्याची खोडही जुनी आहे. त्याने चव खारट-झोंबरी होते आणि पोट बिघडते. खरे बळी मात्र यापैकी कशाने घेतलेले नाहीत. फुलाच्या आंबवणात मिथेनॉल तयार होते ते अल्प. मोठ्या दुर्घटना घडल्या त्या कारखान्यातले मिथेनॉल दारू म्हणून विकल्यामुळे. मुंबईत मालाड-मालवणीला जून 2015 मध्ये शंभराहून अधिक माणसे अशीच दगावली. मिथेनॉल जिभेला वेगळे कळत नाही. चाखण्याचे कितीही कसब असले तरी ते इथे कुचकामी ठरते. प्रयोगशाळा किंवा गाळणाऱ्याची पक्की ओळख, याखेरीज खात्री नाही.

सातपुड्यात ही दारू एकट्याने चाखायची वस्तू क्वचितच राहिली. जन्म, लग्न, पंचायत, मरण, पेरणी, कापणी अशा प्रसंगी पहिले थेंब जमिनीवर सांडून पूर्वजांना आणि देवांना दिले जातात, मग माणसे पितात. याहा मोगी ही या भागातल्या भिल्लांची कुलदेवता. अक्कलकुवा तालुक्यातले दाब तिचे मूळस्थान मानले जाते, आणि महाशिवरात्रीला तिची मोठी यात्रा सीमेपलीकडे गुजरातमधल्या देवमोगऱ्याला भरते. तिथे धान्य, कोंबडा आणि मोहाची दारू असा नैवेद्य दाखवला जातो. गुजरातेत दारूबंदी आहे आणि देवीला दारू चालते, हे दोन्ही शेजारी नांदत आले आहे. होळीच्या आधी धडगाव, मोलगी परिसरात भोंगऱ्या बाजार भरतात. काठी गावची राजवाडी होळी रात्रभराच्या नाचानंतर पहाटे पेटते. नाचणाऱ्यांपैकी जे नवस पाळतात ते त्या दिवसांत कडक नियम सांभाळतात. होळी म्हणजे सरसकट पिणे, हे बाहेरच्यांचे चित्र ढोबळ आहे.

आणि याच जिल्ह्यात दारूविरुद्धचा इतिहासही तितकाच खोल गेला आहे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळप गुन्हा ठरवले आणि दारूचा धंदा मक्तेदारांच्या हाती दिला. 1892 च्या मोहरा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. आदिवासीने स्वतःच्या झाडाचे फूल विकून, त्याच फुलाची दारू मक्तेदाराच्या दुकानातून उधारीवर प्यायची, अशी ती व्यवस्था होती. कर्जाच्या वहीत जमिनी गेल्या त्या याच उधारीने. 1922 च्या अखेरीस दक्षिण गुजरातेत उसळलेली देवी चळवळ नवापूर भागात पोचली तेव्हा अंगात आलेल्या देवीची आज्ञा स्पष्ट होती: दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारू दुकानदाराचे काम करू नका. डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर 1987 साली ग्रंथ लिहिला. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी ‘आप की जय’ म्हणत आरतीभोवती हजारो माणसे जमवली आणि मद्यमांस सोडायला लावले. गुलाम महाराजांमागे रामदास महाराजांनी ते काम चालवले, आणि त्यांचे अनुयायी आजही आहेत. पुढे 1972 मध्ये शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने जमिनीचा आणि मजुरीचा लढा पेटला, आणि त्यातूनच आदिवासी बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडायला घेतली. नवऱ्याची मारहाण हा त्यांचा मुद्दा होता. महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळीच्या इतिहासात या मोहिमेला स्वतंत्र स्थान आहे. मडकी फोडणाऱ्या आणि मडकी लावणाऱ्या बायका एकाच पाड्यातल्या, कधी एकाच घरातल्या होत्या. मोहाच्या दारूचा कोणताही गौरव करताना ही बाजू वगळता येत नाही.

कायद्याचे आजचे चित्र तीन राज्यांच्या सीमेवर तीन प्रकारचे आहे. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याविना गाळणे गुन्हा आहे. जिल्ह्याचा बहुतेक भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि 1996 च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रात मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तो वापरायचा की नाही, हे प्रत्येक गाव आपापले ठरवते. 2021 साली राज्य सरकारने मोहाफुले गोळा करणे, साठवणे आणि वाहून नेणे यांवरची बंधने उठवली. 2022 साली काजूबोंडे आणि मोहाफुले यांच्या मद्याला देशीऐवजी विदेशी मद्याच्या वर्गात घेण्याचा निर्णय झाला, म्हणजे निदान कागदावर ते महागड्या बाटल्यांच्या रांगेत बसू शकते. गुजरातेत बंदी. मध्य प्रदेशात आदिवासींना घरच्या वापरापुरते गाळण्याची मुभा पूर्वीपासून आहे, आणि 2022 नंतर तिथे मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ मद्य म्हणून परवाने मिळाले. दिंडोरीत ‘मोहुलो’ आणि अलीराजपुरात ‘मोंड’ या नावाने आदिवासी बचतगटांनी बाटल्या बाजारात आणल्या.

अलीराजपूर म्हणजे धडगावच्या समोरचा, नर्मदेपलीकडचा जिल्हा. झाड तेच, भिल्ल-भिलाला-पावरा बोलींचा पट्टा तोच, सोयरिकीही नदी ओलांडून होतात. कारखान्यात गाळलेल्या बाटलीत आरंभीचा आणि अखेरचा उतारा मोजून वेगळा काढतात, मद्यार्काचे प्रमाण पक्के ठरवून बाटलीवर छापतात. चुकीचे वास त्यात सापडत नाहीत, पण ओढ्याकाठच्या चुलीचा धूरही सापडत नाही. घरची आणि बाटलीतली अशा दोन्ही दारू शेजारी ठेवून चाखणे नर्मदेच्या उत्तर तीरावर कायद्याने शक्य आहे. दक्षिण तीरावर अजून नाही. मोलगी-धडगावच्या आठवडे बाजारात मात्र वाळलेले फूल पायलीने उघड्यावर विकायला बसते, आणि ते मुठीत दाबून, हुंगून, केसर तपासून घेणारी गिऱ्हाइके तिथे रोखीने पैसे मोजतात.